घरी झालेली झोपेची तपासणी आणि सीपॅप यंत्र: नाशिकचा आमचा अनुभव

पन्नाशीच्या पुढचा माणूस रात्रीतून पुन्हा पुन्हा लघवीला उठतो आणि जोरात घोरतो, असं तुमच्या घरात असेल तर झोपेत श्वास थांबतो का ते पाहणारी ही तपासणी जरूर करून घ्या, असं मी ठामपणे सांगेन. चाचणीला मी पूर्ण गुण देते. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, बसवून देणाऱ्यांच्या सेवेबद्दल मात्र बरंच सांगायचं आहे.

रात्रीची लघवी म्हटली की आपल्याकडे साखर आणि प्रोस्टेट ही दोनच नावं निघतात. ह्यांचं दोन्ही तपासून झालं होतं, दोन्हींत काही निघालं नाही. तरी रात्री उठणं चालूच. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. सिन्नरला कंपनीत जाताना गाडी चालवता चालवता डोळे मिटायला लागले, तेव्हा मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी टेपने ह्यांची मान मोजली, घसा पाहिला आणि पुढचे बरेचसे प्रश्न मला विचारले. घोरता घोरता एकदम शांत होतात का? मग हिसका देऊन श्वास घेतात का? मी मोबाईलवर केलेलं चित्रण दाखवलं. शेजारी झोपणाऱ्याने हे एक काम नक्की करावं, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःच्या श्वासाचं काहीच कळत नसतं.

दवाखान्याने घरच्या तपासणीचे साडेचार हजार रुपये घेतले. संध्याकाळी तंत्रज्ञ घरी येतो. छातीवर पट्टा आणि त्यावर तळहाताएवढी डबी, नाकात बारीक नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, एवढंच. आपल्याच पलंगावर झोपायचं. पहिल्यांदा आलेला मुलगा घाईत होता. त्याने नळी गालाला नीट चिकटवली नाही, ती मध्यरात्री निघाली आणि ती नोंद वाया गेली. तपासणी पुन्हा केली, त्याचे पैसे घेतले नाहीत हे चांगलं. तुम्ही मात्र तंत्रज्ञ असतानाच त्यांना कुशीवर वळून दाखवायला सांगा, म्हणजे काय निघतंय ते लगेच समजेल.

अहवालात एएचआय नावाचा आकडा असतो: दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा अगदी उथळ झाला ते. पाचच्या आत ठीक, तीसच्या वर तीव्र. ह्यांचा ३८ आला. ऑक्सिजन एका वेळी ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ते वाचताना माझे हात गार पडले. लघवीचा उलगडाही तिथेच झाला. घशाची वाट मिटलेली असताना छाती जोर लावून श्वास ओढते, त्याने हृदयावर ताण येतो आणि हृदयातून असं संप्रेरक सुटतं की मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. म्हणजे जाग लघवीने येते असं वाटत होतं, पण मुळाशी श्वास होता. अशा माणसाने शांत झोप लागावी म्हणून मनानेच अल्प्रॅझोलामसारखी गोळी घेतली, किंवा रात्री दारू घेतली, तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. हे मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते.

मग सीपॅप. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. यात ऑक्सिजन वगैरे काही नसतो, खोलीतलीच हवा दाबाने नाकातून जाते आणि घसा मिटू देत नाही. नातेवाइकांनी मास्क पाहिला आणि कोविडच्या वॉर्डातल्या बायपॅप या श्वासाच्या यंत्राची आठवण निघाली. माझ्या सासूबाई तर रडल्याच. त्यांना शेजारी बसवून हे सगळं समजावून सांगावं लागलं.

आपोआप दाब बदलणारं यंत्र आम्हाला बेचाळीस हजारांना पडलं. खरी अडचण मास्कची. पुरवठादाराने एकच मास्क दाखवला, तोही तोंड-नाक झाकणारा. ह्यांच्या मिशांमुळे कडेने हवा सुटायची, ती डोळ्यांवर यायची, झोप आणखी मोडायची. पुष्कळ लोक यंत्र कपाटात ठेवून देतात ते इथेच. आम्ही अडून बसलो, तेव्हा नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क मिळाला आणि सगळं बदललं. दोन-तीन प्रकारचे मास्क यंत्र चालू करून, आडवं पडून बघू देणार नसेल, त्या माणसाकडून यंत्र घेऊ नका. काही ठिकाणी महिन्याच्या भाड्याने मिळतं. आधी तसंच घ्यावं. मेडिक्लेममध्ये खर्च मिळतो का ते आधीच लेखी विचारून घ्या.

रोजची निगा सोपी आहे. यंत्रातली हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं नव्हे. मास्कची उशी रोज पुसायची, नळी आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवायची. यंत्र इन्व्हर्टरवरच जोडा. वीज गेली तरी गुदमरत नाही, मास्कला भोकं असतात, पण जाग येते.

आता यंत्रातला एएचआय तीनच्या आसपास असतो. हे बहुतेक रात्री सलग झोपतात आणि गाडीही निर्धास्त चालवतात.

माझी झोप मात्र तरीही मोडत राहिली. माझं कारण पाळी जाण्याच्या काळातले गरम लोट हे होतं, त्यावर सीपॅपचा काय उपयोग? त्याचे उपचार स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे घेतले. जागी पडून घड्याळ बघणं सोडलं, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठू लागले. याने खूप फरक पडला. पाळी गेल्यावर बायकांतही श्वास थांबण्याचा आजार वाढतो, म्हणून घोरणाऱ्या बायकांनी लाजून गप्प बसू नये. घरच्या तपासणीच्या यंत्रात मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, म्हणजे खरी झोप किती लागली ते कळत नाही, त्यामुळे अहवाल चांगला येऊनही त्रास तसाच असेल तर प्रयोगशाळेत रात्रभर झोपून करायची मोठी तपासणी मागा.

जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर मॉडेल आणि सीरियल नंबर आधी तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आवाज दाबणारा फोम झिजत असल्यामुळे लाखो यंत्रं परत मागवली होती, त्यातलं एखादं तुमच्या हाती यायला नको. मास्क आणि नळी तर नवीनच घ्या.