बिलावर तांबं, बोटीत ॲल्युमिनियम

नागपुरात कुणाकडून बोटीवर इन्व्हर्टर बसवून घेणार असाल, तर पैसे चुकते करण्याआधी हे वाचा. आमचे ३८,००० रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण जे बसवून दिलं होतं त्याने माणसांसकट बोट पेटली असती, हे मनातून जात नाही.

रामटेककडच्या एका तलावावर माझ्या मोठ्या भावाची छत असलेली डिझेल बोट आहे. सहलीला आलेली कुटुंबं तिच्यात फिरतात. छोटा फ्रीज, सरबताला मिक्सर आणि संध्याकाळचे दिवे, एवढ्यासाठी २३० व्होल्ट हवे होते. इंजिनची बॅटरी स्टार्टरपुरती ठेवायची आणि इन्व्हर्टरला वेगळी ट्युब्युलर बॅटरी घ्यायची, हे आधीच ठरलं होतं. शहरातल्या एका दुकानदाराने सगळं लिहून दिलं आणि पक्क्या बिलावरही तेच छापलं: १५० एएचची नवी बॅटरी, १,००० व्हीएचा प्युअर सायनवेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लाट देणारा) इन्व्हर्टर, ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, बॅटरीपाशी फ्यूज आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. यादीत खोट काढायला जागा नव्हती. “काही टेन्शन घेऊ नका भाऊ, वीस वर्षं हेच काम करून राहिलो,” असं तो म्हणाला. त्याच्या माणसांनी बोट किनाऱ्याला असताना काम उरकलं, केबल पाइपात टाकली, बॅटरी पेटीत बंद केली.

थोड्याच दिवसांत मिक्सर लावला की इन्व्हर्टर लो बॅटरीची शिट्टी मारू लागला, आणि एका दुपारी फळीखालून जळका वास आला. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले आमचे मामा मीटर घेऊन आले. त्यांनी केबलचं टोक चाकूने खरवडलं, तर आत चकचकीत पांढरी तार. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. वरचं रबरी आवरण एवढं जाड की बाहेरून केबल ३५ स्क्वेअरची वाटावी. आतली तार जेमतेम ६ स्क्वेअरची.

यात काय बिघडतं ते समजून घ्या, कारण फसवणारे नेमकं इथेच पैसे वाचवतात. घरात ६०० वॅटला अडीच-तीन अँपिअर लागतात. तेच ६०० वॅट १२ व्होल्टमधून काढायचे, तर इन्व्हर्टरमधली घट धरून ५५ ते ६० अँपिअर लागतात. आमच्या बॅटरीपासून इन्व्हर्टर ४ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर तार. ३५ स्क्वेअरच्या खऱ्या तांब्यात एवढ्या अंतरात दाब (व्होल्टेज) पाव व्होल्टच्या आसपास पडतो. या तारेत दोन व्होल्टच्या वर पडत होता. बॅटरीवर १२.४ आणि इन्व्हर्टरवर १०.२. तो शिट्टी मारणार नाही तर काय करेल? आणि वाटेत हरवलेले ते सव्वाशे वॅट तारेतच उष्णता होऊन लाकडी फळीखाली साठत होते.

तरीही सगळ्यात भयंकर गोष्ट फ्यूजच्या डबीत होती. डबी उघडली तर आत फ्यूज नाही, सरळ धातूची पट्टी. फ्यूज असतो तो तार वाचवायला. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच बसवायचा असतो. एवढ्या बॅटरीचा शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात. पट्टी तशीच राहते आणि तार पेटते. तलावाच्या मध्यावर, लहान मुलं बसलेली असताना, पळायचं कुठे? हे करणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. फ्यूज काय असतो ते कळल्याशिवाय त्याची डबी इतकी बेमालूम भरता येत नाही.

बॅटरी जुनी निघाली. पोल घासून चकचकीत केलेले, वर नवं स्टिकर, पण स्टिकरवरचा नंबर आणि डब्यावर ठोकलेला नंबर वेगळे. रात्रभर चार्ज करूनही हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी, १.१८ च्या वर जाईना. चांगली ट्युब्युलर १.२४ च्या आसपास दाखवते. इन्व्हर्टरवरचं सायनवेव्हचं लेबल सोलल्यावर खाली स्क्वेअर वेव्ह, म्हणजे तुटक लाटेचा, असं छापलेलं होतं.

आरसीसीबीच्या जागी साधा एमसीबी होता, जो जादा भार किंवा शॉर्ट झाला तरच पडतो, गळतीला नाही. दोन्ही दिसायला सारखे, पण आरसीसीबीला टेस्टचं बटण असतं. वीज चालू असताना ते दाबलं की तो पडलाच पाहिजे. तेवढ्यानेही भागत नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ एका जागी जोडलेले नसतील, तर गळती झाली तरी तो पडेलच असं नाही. तलावावर हे जास्त महत्त्वाचं, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर वीज सहज वाहून नेतं. पाण्यात गळती झाली की पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, पाण्यावरच्या फिटिंगला वॉरंटी नसते. मग म्हणाला, तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. हे खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वापरणारा ग्राहकच धरला जातो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, आता जिल्हा आयोगात अर्ज दिला आहे. छापील बिल, दोन्ही नंबरांचे फोटो, कापलेल्या केबलचा तुकडा आणि ती पट्टी सोबत जोडली आहे.

काम करून घेताना केबल पाइपात जाण्याआधी तुमच्यासमोर कापायला लावा आणि टोक खरवडून पाहा. बॅटरीचा नंबर कंपनीकडे फोन करून विचारा. आणि ज्यांच्या बोटीवर काम आधीच झालं आहे, त्यांनी पुढची फेरी नेण्याआधी बॅटरीची तार सोडवून फ्यूजची डबी उघडा.