आप्पांचं मृत्युपत्र केलं, साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या वकील मॅडमचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, 79 वर्षांचे, शाहूपुरीतलं घर त्यांनी स्वतः बांधलेलं आणि कोरेगाव तालुक्यात थोडी वडिलोपार्जित जमीन. आत्याने बक्षीसपत्र करून घर मुलाला दिलं आणि आता तिला स्वतःच्याच घरात विचारून वागावं लागतं, ते बघून आप्पा माझ्या मागं लागले की माझं काहीतरी लिहून ठेवूया. भाऊ म्हणाला आपण पण बक्षीसपत्रच करू, पोरांच्या नावाने राहतं घर करायला स्टॅम्प फक्त 200 रुपये लागतो.

मॅडमनी पहिल्यांदा काय केलं तर मला आणि भावाला बाहेर बसवलं आणि अर्धा तास फक्त आप्पांशी बोलल्या. भाऊ चिडला, मला पण थोडं लागलं, पण नंतर पटलं, उद्या कोणी म्हणायला नको की पोरांनी दबाव टाकून लिहून घेतलं. आप्पा बाहेर आले तेव्हा किती दिवसांनी चेहरा मोकळा दिसला त्यांचा.

मग आम्हाला आत बोलवून म्हणाल्या, "काका, बक्षीसपत्र रजिस्टर झालं की मालकी त्याच दिवशी गेली. मृत्युपत्र तुम्ही असेपर्यंत कितीही वेळा बदला, घर तुमचंच." मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी पण सक्तीची नाही, पण आम्ही दुय्यम निबंधकाकडे करून घेतली. साक्षीदार दोन लागतात, ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत म्हणून शेजारचे काका आणि आमचे डॉक्टर घेतले, डॉक्टरांनी आप्पा पूर्ण शुद्धीत आहेत असा दाखला पण दिला.

जमिनीचं मला माहीतच नव्हतं. वडिलोपार्जित असल्यामुळे आप्पा फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहू शकतात, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीमुळे मुलगी म्हणून त्यात माझा पण भावाइतकाच जन्मापासूनचा वाटा आहे. हे मॅडमनी भावासमोर स्पष्ट सांगितलं, मला रडू आलं. बँकेत एफडीला भाऊ नॉमिनी आहे, तर नॉमिनी म्हणजे मालक नाही हेही समजावलं.

आत्याचं पण विचारलं. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, सांभाळ करायच्या अटीवर दिलेलं आणि सांभाळ केला नाही तर ते रद्द करून मागता येतं, प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अर्ज करायचा. पण तशी अट कागदात असेल तर काम सोपं, आत्याच्या कागदात ती नाही. तरी मॅडम म्हणाल्या अर्ज करा, निर्वाहासाठी वेगळा अर्ज पण करता येतो. पुढच्या आठवड्यात आत्याला घेऊन जाणार आहे.

एक स्टार कापला कारण ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आप्पा दोनदा जिन्यात बसले. म्हाताऱ्या माणसांचीच कामं करता तर खाली येऊन बोलायची सोय ठेवा मॅडम, कळकळीने सांगते. आणि जाणाऱ्यांनी सातबारा, सगळे फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी), घराचं प्रॉपर्टी कार्ड आणि आधार न्या, आम्ही फेरफार विसरलो आणि त्यासाठी आप्पांना परत ते जिने चढावे लागले.