आवाजाचा कोर्स, सात महिन्यांनंतर: श्वास पास, चटई नापास

कोर्सवाल्यांकडून माझे १५०० रुपये अजून यायचेत, म्हणून हे लिहायला बसले. वेळेत मिळाले असते तर ‘छान आहे, करा’ एवढं लिहून मोकळी झाले असते. संस्थेचं नाव घेत नाही, वाद चालू आहे. शिकवणाऱ्या मॅडमबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ऑफिसबद्दल आणि चटईबद्दल.

‘आवाज, श्वास, हालचाल’ असे कोर्स आता जिकडेतिकडे निघालेत. चारचौघांत बोलताना श्वास कसा घ्यायचा, आवाज कसा लावायचा आणि उभं कसं राहायचं, हे त्यात शिकवतात. आमचा नाशकात, गंगापूर रोडला, तीन महिने, शनिवार-रविवार सकाळी. फी ९५०० अधिक जीएसटी. वर किटची अनामत १५००. किटमध्ये काय, तर एक योगा मॅट, एक बूच आणि एक स्टीलचा स्ट्रॉ. ती मॅट बाजारात पाचशे-सहाशेला नवीकोरी मिळते. घरची आणू का विचारलं तर नाही, ‘बॅचमध्ये एकसारखेपणा हवा’. बरं. परत करायला गेले तर म्हणे कोपऱ्यात डाग आहे, अनामत मिळणार नाही. मी नोकरीने सेफ्टी ऑफिसर. कुठलीही वस्तू ताब्यात घेताना तारखेसकट फोटो काढते. डाग पहिल्या दिवसापासूनचा, फोटोत चांगला दिसतोय. फोटो पाठवला, तर उत्तर आलं, ‘मॅडम, ते लाइटमुळे तसं वाटतंय.’

असो. आता कोर्स.

सातपूरच्या एका कारखान्यात रोज सकाळी शिफ्टच्या तोंडावर मला टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी सुरक्षेच्या चार सूचना देणारं छोटं बोलणं, घ्यावा लागतो. साठेक माणसं, माइक नाही, पाठीमागे कॉम्प्रेसर. गुरुवारपर्यंत आवाज बसायचा, शुक्रवारी खाणाखुणांवर भागवायचं. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून स्वरतंतूंवर गाठी नाहीत असं सांगितलं, त्यानंतरच कोर्सला नाव घातलं. (घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर आधी डॉक्टर, मग कोर्स. हे जाहिरातीत कुठे लिहिलेलं नसतं.) बॅचमधले बाकीचे बहुतेक स्टेजच्या भीतीने आलेले. मला भीती अशी नव्हती, माझं लोकांना ऐकूच जात नव्हतं. पण दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच निघालं, कोंडलेला श्वास.

पहिले दोन आठवडे नुसतं उताणं पडायचं आणि श्वास घ्यायचा. साडेनऊ हजार मोजून फरशीवर झोपायला आलोय, हे काही पचेना. पोटावर जाड डायरी ठेवायची, श्वास घेताना ती वर गेली पाहिजे. पोटात हवा जात नाही, हे उघड आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकतं, पोटातलं सगळं पुढे ढकललं जातं, म्हणून डायरी वर येते. खांदे उचलून घेतलेल्या श्वासाला मानेचे स्नायू राबतात आणि स्वरयंत्र त्याच मानेत बसलेलं असतं, म्हणून आवाज आवळतो. इथवर कुठल्याही प्राणायामाच्या वर्गात कळेल. पुढचं मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. भाषणाआधी सगळे म्हणतात, ‘एक खोल श्वास घे.’ मॅडम म्हणाल्या, आधी सोड. आवाज निघतो तो श्वास सोडतानाच, आणि घाबरलेला माणूस मुळातच हवा भरून, दाबून उभा असतो. त्यात आणखी कुठे भरणार? ‘स्स्स’ करत एकसारखा सोडायचा, संपला की आतला आपोआप येतो.

मग त्यांनी माझा सकाळचा टॉक मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायला सांगितला. ‘गार्ड काढून मशीन चालवायचं नाही.’ (गार्ड म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण.) रेकॉर्डिंगमध्ये ‘गार्ड काढून’ खणखणीत, ‘मशीन’ ठीक, ‘चालवायचं’ पुटपुटल्यासारखं, आणि ‘नाही’ गायब! मागच्या रांगेतल्याने काय ऐकलं असेल याचा विचार करा. मराठीत नकार असतो वाक्याच्या टोकाला आणि तिथे पोचेपर्यंत हवा संपलेली असते. पाच तारखेलाच महिन्याचा पगार उडवावा तसा सगळा दम पहिल्या दोन शब्दांवर जातो. यावर औषध म्हणजे वाक्य लहान करायचं आणि क्रियापदापुरती हवा शिल्लक ठेवायची. गृहपाठ होता पेपरातली हवामानाची बातमी मोठ्याने वाचायची. ‘पावसाची शक्यता नाही’ मधला ‘नाही’ स्वयंपाकघरात ऐकू गेला पाहिजे. घरच्यांना वैताग आला, पण मला कोर्सचे निम्मे पैसे इथे वसूल झाले. आता वाईट एवढंच की कुणाचंही भाषण धड ऐकता येत नाही, सारखे वाक्यांचे शेवट मोजत बसते. आमच्या मॅनेजरसाहेबांचं एकही वाक्य ‘आहे’पर्यंत पोचत नाही.

किटमधल्या बुचाबद्दल मत बदललं. पहिला महिना मी त्याची भक्त होते. बूच दातांत धरून ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ घोळवायचं, मग काढून तेच म्हणायचं. लगेच उच्चार लख्ख वाटतात, त्यामुळे व्हिडिओ करायला झकास. पण ऑफिसने पाठवलेल्या व्हिडिओप्रमाणे पंधरा मिनिटं करत गेले आणि कानाजवळ जबडा दुखायला लागला. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, मिनिटभर पुरे, जबडा आवळण्यासाठी नाहीच ते. मग व्हिडिओ कोण बनवतं तुमच्याकडे?

स्ट्रॉ मात्र खरा. ओठांत धरून त्यातून ‘ऊ’ चा सूर खालून वर, वरून खाली न्यायचा. बारीक नळीत हवा अडते, तिचा उलटा दाब घशापर्यंत पोचतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात. बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण दोनशे वेळा मिटतात-उघडतात, तेव्हा आपटणं थोडं जरी कमी झालं तरी दिवसाचा हिशेब मोठा होतो. इंगो टिट्झे नावाच्या अमेरिकेतल्या आवाजशास्त्रज्ञांनी हा प्रकार जगभर पोचवला. ग्लासात थोडं पाणी घेऊन बुडबुडे काढत केलं तरी चालतं. मी टॉकच्या आधी चेंजिंग रूममध्ये करते. आवाज शुक्रवारपर्यंत टिकतो, कधी शनिवारीही असतो. आणि ही वस्तू चाळीस रुपयांची! तिच्यासाठी अनामत?

इथवरचं जानेवारीतच लिहून ठेवलं होतं आणि हालचालीच्या भागाला सरळ ‘वेळकाढू’ म्हटलं होतं. ते आता खोडते. अनवाणी मॅटवर मांजरासारखं चाला, गवतासारखं डुला, हे आजही मला वेळकाढूच वाटतं. आमच्याकडे पायात पोलादी टोकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा. अनवाणी शिकून तिथे काय करणार, असं मी वर्गात बोललेही. मॅडमनी रागावण्याऐवजी सांगितलं, पुढच्या रविवारी सगळं घालून या.

गेले. आरशासमोर उभं करून त्यांनी मला टॉक द्यायला लावला आणि फक्त मानेकडे बघ म्हणाल्या. हेल्मेटच्या पुढच्या कडेखालून शेवटच्या रांगेकडे बघायचं म्हणून डोकं मागे जात होतं. हनुवटी वर, मानेची मागची बाजू चेपलेली, आणि पट्ट्याने जबडा जवळपास बांधलेला. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १८६९ साली जन्मलेल्या एफ. एम. अलेक्झांडर यांची हकीकत मॅडमनी तेव्हा सांगितली. स्टेजवर पठण करताना त्यांचा आवाज जायचा. आरशात स्वतःला बघून बघून त्यांच्या लक्षात आलं की बोलायला लागलं की आपण डोकं मागे ओढतो. मॅडमनी माझ्या हेल्मेटची मागची चकती फिरवून ते नीट बसवून दिलं. पट्ट्यात बोट जाईल एवढी जागा ठेवली. गुडघे ताठ केले की पोटही ताठतं आणि श्वास छातीत चढतो, तेही तिथेच बुटांसकट दाखवलं. परत आल्यावर मी माणसांना रांगांऐवजी अर्धगोलात उभं करायला लागले. लांबची रांगच उरली नाही, मान वर करायचं कारणही संपलं.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून दरवर्षी कारखान्यांत प्रतिज्ञा, पोस्टर स्पर्धा आणि भाषणं असतात. यंदा बाहेरचे पाहुणे होते आणि मुख्य बोलणं माझ्याकडे. हाताला घाम फुटलाच, तो कोर्सने जात नाही. पण उठायच्या आधी श्वास पूर्ण सोडला होता, त्यामुळे पहिलं वाक्य कापलं नाही. मुद्दा बदलला की दोन पावलं चालायचं, सूचना देताना जागच्या जागी थांबायचं, एवढंच पाळलं. नंतर प्रेस शॉपचे एक जुने ऑपरेटर काका काळजीने विचारत होते, ‘मॅडम, बरं नाही का? आज ओरडला नाहीत.’

एक गोष्ट कोर्समध्ये नव्हती, ती असायला हवी होती. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. नकळत होतं, त्यामुळे श्वास कितीही सुधारा, कॉम्प्रेसर सुरू झाला की घसा ताणला जातोच. आम्हा सेफ्टीवाल्यांना गोंगाटाची आठ तासांची ९० डेसिबलची मर्यादा तोंडपाठ असते, पण ती कानांसाठी आहे. घशाची वाट त्याच्या बरीच आधी लागते. शेवटी मेंटेनन्सशी भांडून टॉक कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी आणला. फुकटात झालं, आणि खरं सांगायचं तर स्ट्रॉइतकाच फरक पडला.

घ्यावा का? शिक्षक, सेल्सवाले, कीर्तनकार, आमच्यासारखे रोज घसा राबवणारे यांनी घ्यावा, पण मोठी बॅच टाळून. आमच्यात बावीस जण होते, मॅडम प्रत्येकाकडे पोचेपर्यंत निम्मा वेळ जायचा. वर्षातून एकदा गणेशोत्सवात सूत्रसंचालन करणाऱ्यांनी एवढे पैसे घालू नयेत, हवामानाची बातमी वाचावी. पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स’ लेव्हलचे मेसेज मला रोज येतात, १८,००० म्हणे, त्यात मॅट वेगळी. अनामत घेतलीच तर पावतीवर वस्तूंची अवस्था लिहून घ्या. आणि स्टीलचा स्ट्रॉ विकत घेणार असाल तर सोबत आतून घासायचा बारीक ब्रश मिळतो तो घ्या, दहा-वीस रुपये जास्त जातील. नुसत्या पाण्याने आतलं निघत नाही.