सोफ्यातील मांजराच्या लघवीचा वास आणि एन्झाइम क्लीनर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यात पहिला सलग पाऊस झाला आणि एप्रिलमध्येच गेला असे आम्ही धरून चाललेला वास बैठकीच्या खोलीत पुन्हा दरवळू लागला. सोफा कोरडा होता, बोक्याने नव्याने काही केलेले नव्हते, तरीही डाव्या बाजूच्या गादीवर कुणी बसले की तोच उग्र दर्प वर येत असे. त्याच दिवशी मी या एन्झाइम क्लीनरला माझ्यापुरता एकच तारा दिला होता. आज तो चार करत आहे आणि त्यामागची कारणे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या नसबंदी झालेल्या बोक्याने फेब्रुवारीत आठवड्याभरात तीनदा सोफ्यावर लघवी केली. आधी आम्ही त्याला रागावलो, पण डॉक्टरांनी तपासल्यावर मूत्राशयाला सूज असल्याचे निघाले. म्हणून क्लीनर मागवण्याआधी मांजर तपासून घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मूत्रमार्ग तुंबला तर त्याच्या जिवावर बेतते.

क्लीनरची ५०० मिलीची बाटली ५५० रुपयांना पडली. बाटलीवरील सूचनेप्रमाणे डागावर फवारले, दहा मिनिटांनी पुसले आणि वास निम्म्याने कमी झाला. तो पुरता जावा म्हणून एप्रिलमध्ये १,२०० रुपये देऊन घरी सोफा धुऊन देणाऱ्यांना बोलावले. त्यांनी शाम्पू आणि गरम वाफ वापरली. आठवडाभर सोफ्याला सुगंध होता आणि पुढे कडक उन्हाळ्यात काही जाणवले नाही. जूनमध्ये तक्रार केली तेव्हा, ‘आम्ही कापड साफ करतो, आतल्या फोमची जबाबदारी आमची नाही’, असे उत्तर मिळाले. तीन फोन करूनही एक रुपया परत आला नाही. लघवीच्या डागावर वाफ घेऊच नये, कारण उष्णतेने तो धाग्यात आणखी पक्का बसतो, हे मला नंतर कळले आणि त्या खर्चाची हळहळ अजून जात नाही.

मात्र फोमबद्दलचे त्यांचे वाक्य डोक्यात राहिले. मी गादीच्या खोळीची चेन उघडून फोम बाहेर काढला. वरच्या बाजूला वाटीएवढा पिवळसर डाग होता. फोम उलटा केला तर खाली तोच डाग ताटाएवढा पसरलेला होता. तीनशे रुपयांची अतिनील टॉर्च घेऊन रात्री दिवे मालवून पाहिले, तेव्हा खालच्या प्लायवूडवरही फिकट हिरवट-पिवळा ओघळ चमकला. मी दोन महिने वाटीवर फवारत होते आणि वास ताटातून येत होता.

लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. तो हवेत उडून जातो, म्हणून पहिल्या सफाईनंतर फरक पडल्यासारखा वाटतो. युरिक आम्ल मात्र पाण्यात जेमतेम विरघळते, ते फोममध्ये स्फटिकांच्या रूपाने चिकटून राहते आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. एन्झाइम, म्हणजे क्लीनरमधील उपयोगी जिवाणू तयार करतात ती प्रथिने, हे अवशेष फोडतात, पण त्यासाठी द्रव तिथपर्यंत पोहोचला पाहिजे आणि काही तास ओला राहिला पाहिजे.

इथेच माझी या उत्पादनाबद्दलची मुख्य तक्रार येते, आणि ती बाटलीच्या फवाऱ्याची आहे. मी मापाच्या पेल्यात पन्नास वेळा फवारा दाबून पाहिला, तर जेमतेम ४० मिली द्रव जमा झाला. मांजराची एका वेळची लघवीच सहज तेवढी भरते आणि ती थेट खाली उतरते. बारीक तुषार मात्र कापडावरच वाळून जातात. दहा मिनिटांनी पुसण्याची सूचना फरशीसाठी ठीक असेल, गादीसाठी ती दिशाभूल करणारी आहे. चांगले औषध चुकीच्या तोंडाच्या बाटलीत भरून विकल्यामुळे माझी पहिली बाटली अक्षरशः वाया गेली, आणि पाचवा तारा मी केवळ यासाठी राखून ठेवला आहे.

जुलैमध्ये मी खोळ काढून थंड पाण्यात वेगळी धुतली. फोमवर साधे पाणी ओतून जुन्या टॉवेलने दाबून दाबून टिपले, मग फवारा काढून टाकून सुमारे ३०० मिली क्लीनर दोन्ही बाजूंनी ओतला आणि प्लास्टिक गुंडाळून चोवीस तास तसाच ठेवला. वाळताना तिसऱ्या दिवशी वास आधीपेक्षा वाढला आणि मी अगदी हताश झाले, पण पाचव्या दिवशी तो बराच ओसरला. आठवड्याने पुन्हा एकदा तेच केले. पावसाळ्यात फोम वाळायला पंख्याखाली पाच दिवस लागतात, म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरकावे. कापडाचा रंग जातो का, हे आधी आतल्या कोपऱ्यावर तपासावे.

फिनेल मात्र अजिबात वापरू नये. त्यातील घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, शिवाय जंतुनाशकाने क्लीनरमधील उपयोगी जिवाणूही मरतात. ब्लीचचा अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, म्हणून तेही टाळावे. क्लीनर बिनवासाचा मिळाला तर तोच घ्यावा. लॅव्हेंडरच्या सुगंधाखाली मूळ वास उरला आहे की गेला, हेच कळत नाही.

प्लायवूडने मात्र क्लीनरला दाद दिली नाही. तिथे सुताराने लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारून दिले, तेव्हा तो वास आत बंद झाला. तीन बाटल्यांचे १,६५० रुपये झाले. फोम बदलण्यासाठी कारागिराने एका गादीचे १,८०० सांगितले होते, म्हणजे बचत नावापुरतीच झाली. पहिल्याच दिवशी फवारा काढून ओतले असते तर दोन बाटल्यांत काम झाले असते. सप्टेंबरअखेरच्या सलग पावसात मी रोज सकाळी त्या गादीला नाक लावून पाहिले आणि आठही दिवस काहीही जाणवले नाही.