वस्तऱ्याला धार लावायला गेलो आणि आधी माझाच हात तपासला गेला (मधला मारुती, सोलापूर)

याला दुकान म्हणायचं का हा प्रश्नच आहे. मधल्या मारुतीपासून आत गल्लीत गेलं की एक छोटी खोली लागते, पाटी नाही, काउंटर नाही, दारात मोटरचं चाक आणि आत बाकड्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेले दगड. मेन धंदा कात्र्यांना धार लावायचा. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने किती आहेत ते सांगायला नको, त्या कटिंग मास्तरांच्या लांबलचक कात्र्या इथं ढिगानं पडलेल्या असतात. वस्तरा घेऊन येणारं गिऱ्हाईक म्हणजे नवलच, कारण न्हाव्याकडं आता सगळीकडं अर्धं ब्लेड मोडून घालायचा उस्तरा असतो, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदललं, धार लावायचा विषयच संपला.

माझा वस्तरा त्यातला नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सलून बंद झाली तेव्हा हौस म्हणून ऑनलाइन मागवलेला, जर्मनीतल्या सोलिंगनचा, कार्बन स्टीलचा. पातं ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं, नखानं टिचकी मारली की बारीक टण्ण वाजतं. शिकताना गालावर चार-पाच रेघा पडल्या पण नंतर तीन वर्षं अशी दाढी झाली की काय सांगू.

मग गेल्या दिवाळीनंतर बिनसलं. म्हणजे कापत नव्हता असं नाही, कापत होता, गालावर तर बऱ्यापैकीच, पण हनुवटीखाली आणि मानेवर हात उलटा फिरवला की खरखर, केस कापण्याऐवजी ओढल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यात पाणी. जरा जोर लावला की रक्त. ऑफिसला जाताना मानेवर कागदाचे तुकडे चिकटवून जायची वेळ आली.

इथून पुढं मी जे केलं ते कुणी करू नका. आधी ती हिरवी पेस्ट मागवली, क्रोमियम ऑक्साइडची, आणि वस्तरा परजायच्या चामड्याच्या पट्ट्याला फासून रोज पन्नास-साठ फेरे मारायला लागलो. पहिले दोन दिवस फरक वाटला, मग आधीपेक्षा वाईट. मग डोकं फिरलं आणि बाजारात सुऱ्या-विळ्यांना धार लावणाऱ्या एकाकडं दिला. त्यानं मला काही न विचारता कोरड्या चाकावर टेकवला, ठिणग्या उडाल्या तशा मी ओरडलो, तोपर्यंत टोकाकडचं दोन मिलिमीटर पातं निळं पडलं होतं. साधारण ३०० अंशाला पोलाद निळं पडतं, तेवढं तापलं की तेवढ्या भागाचं पाणी म्हणजे कडकपणा गेला, तिथं पुढं धार टिकणारच नाही. वर त्यानं वीस रुपये घेतले ते वेगळेच.

ऑफिसातल्या एकाचा भाऊ कटिंग मास्तर आहे त्यानं हा पत्ता दिला. इथं धार लावणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे अण्णाच म्हणतात. गेलो तर वस्तरा उघडून बल्बखाली धरला, धार डोळ्यासमोर सरळ उभी धरून बघत बसले. मला म्हणले, "मालक, बघा की, चमकतंय का नाय?" खरंच धारेवर मधेमधे बारीक पांढरे ठिपके दिसत होते. चांगली धार उजेडात दिसतच नाही म्हणे, उजेड परतवायला तिला जागाच नसते, जिथं चमकतं तिथं ती बोथट आहे नाहीतर मुडपलेली.

मग त्यांनी जे केलं त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो. टेलर लोक वापरतात तसला काळा मार्कर घेतला आणि धारेच्या दोन्ही बाजूच्या बारीक उतारावर शाई फासली, दगडावर एकच हलका फेरा मारला आणि परत बल्बखाली. शाई वरच्या बाजूची गेलेली आणि अगदी काठावर तशीच काळी रेघ. म्हणजे दगड काठापर्यंत पोचतच नाही, काठ गोल झालाय. निळ्या टोकाचं काय ते कळलं पण बाकीचा काठ गोल कसा झाला म्हणलं तर उत्तर न देता भिंतीच्या खिळ्याला एक पट्टा अडकवला आणि म्हणले, "मारून दाखवा."

मी माझ्या स्टाइलनं फटाफट मारून दाखवला. चौथ्या फेऱ्याला हात धरला माझा.

"पट्टा का पाळणा ओ हा? ताणून धरा की. अन् पलटताना पाठ उचलालाय तुम्ही."

झालं, सापडलं. पट्ट्यावर वस्तरा पाठ (पात्याची जाड बाजू) पुढं आणि धार मागं असा ओढायचा हे मला माहीत होतं, पण शेवटाला पोचलो की पाठ टेकलेली ठेवून त्या पाठीवरच वस्तरा उलटायचा असतो, मी मात्र जरासा उचलून उलटवत होतो, आणि पट्टा ढिला असल्यामुळं चामडं धारेला कवेत घेत होतं. रोज थोडी थोडी धार मुडपत गेली, वर पेस्टनं तिला आणखी गोल केली. तीन वर्षं नीट मारत होतो, मग सवय झाली, स्पीड वाढला, लक्ष टीव्हीकडं. माझा घरचा पट्टा नंतर नेऊन दाखवला तर त्यावर दोन कापल्याच्या खुणा होत्या, तो टाकूनच द्या म्हणले. चामड्याच्या दुकानातून नवीन पट्टी कापून आणली, तीन इंच रुंद, कारण अरुंद पट्ट्यावर पातं तिरकं ओढावं लागतं आणि ते आपल्याला जमणाऱ्यातलं नाही.

काम त्यांनी मोटरच्या चाकावर अजिबात केलं नाही. निळं टोक आधी पाणी घालत घालत हातानं घासून काढलं, त्यामुळं टोक आता जरा गोल दिसतं, पण आधी ते मिशीखाली टोचायचं ते बंद झालं, फायदाच. मग पाणी घालून वापरायच्या दगडांवर १०००, ४०००, ८००० असं चढत जायचं (नंबर मोठा तसा दगड बारीक) आणि शेवटी त्यांच्या वडिलांचा एक जुना दगड, ज्याचा नंबर त्यांनाही माहीत नाही. बराचसा वेळ १००० वरच गेला, काठावरची शाई पूर्ण जाईपर्यंत आणि मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडं हातावरचे केस सारखे कापेपर्यंत पुढचा दगड काढलाच नाही. दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं, आणि दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकलेले पाहिजेत, कोन धरायची कटकटच नको, तो पाठीच्या जाडीतच बसवलेला असतो. मी यूट्यूबवर हे शंभरदा ऐकलं असेल, डोक्यात शिरलं ते तिथं उकिडवं बसून.

अजून एक प्रश्न विचारला त्यांनी जो मला कधी सुचलाच नव्हता. पाणी कुठलं वापरता? आम्ही जुळे सोलापूरला राहतो, कॉर्पोरेशनचं म्हणजे उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसांनी, बाकी बोअर. आणि बोअरचं पाणी एवढं जड की साबणाचा फेस धरतच नाही, चुन्यासारखा फाटतो आणि गालावरच वाळतो. आठवून बघितलं तर ज्या दिवशी दाढी बरी व्हायची तो नळाला पाणी यायचाच दिवस असायचा! आता नळ आला की दोन बाटल्या दाढीसाठी वेगळ्या भरून ठेवतो. बायको म्हणते दाढीसाठी उजनी राखून ठेवणारे सोलापुरात तुम्ही एकटेच असाल.

आता दोन महिने झाले. रोज दाढीच्या आधी जाड कॅनव्हासवर वीस आणि चामड्यावर पन्नास, सावकाश, वजन न टाकता. पाठ गालापासून तीस अंशाच्या आसपास, म्हणजे गाल आणि पाठ यांच्यात पाठीच्या जाडीच्या दुप्पट फट राहील एवढी, मानेवर कातडं दुसऱ्या हातानं ताणून. झाल्यावर पुसून कोरडा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बाथरूमच्या फळीवर ठेवणं बंद. मान गुळगुळीत. कागदाचे तुकडे नाहीत.

अडीचशे रुपये घेतले, मला कमीच वाटले. गंमत म्हणजे अण्णांची स्वतःची दाढी कायम आठ दिवसांची वाढलेली असते.

एक स्टार मात्र कापणार, कारण "परवा या" म्हणले आणि वस्तरा मिळाला नवव्या दिवशी, मधे तीन खेपा झाल्या. त्यांचंही खरं आहे म्हणा, शाळा सुरू व्हायच्या आधीचा सीझन, कात्र्या सोडून माझा एक वस्तरा कोण हातात घेणार. तेव्हा एप्रिल-मे टाळा, एरवीही ऊन उतरल्यावर जावा कारण खोलीवर पत्रा आहे. सोबत स्वतःचा पट्टा पण न्या. फोन पे नाही, आणि पाचशेची नोट दिली तर सुट्टे आणायला तुम्हालाच पाठवतात.