यूपीएस की एनपीएस: भाषणातली पेन्शन, हातातली पेन्शन

यूपीएस (हमीची पेन्शन देणारी एकीकृत पेन्शन योजना) घ्यायची की एनपीएस (जमलेल्या, बाजारात गुंतवलेल्या रकमेवर चालणारी राष्ट्रीय पेन्शन योजना), मिरज जंक्शनवरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांपुढचा हा पेच. 'यूपीएस म्हणजे जुनीच पेन्शन' हा दावा अर्धाच खरा, कारण जुन्या पेन्शनमध्ये नसलेली पगारातली 10 टक्के कपात यूपीएस-एनपीएस दोन्हींत सुटत नाही. शिवाय शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के मिळायला 25 वर्षे भरावी लागतात. मूळ पगार 60,000 धरला तर 30,000 आणि वर महागाई भत्ता. 20 वर्षांना 24,000च.

'एनपीएसमध्ये हाती भोपळा' हेही खोटं. 1 कोटी जमले तर 60 लाख रोख. उरलेल्या 40 लाखांवर 6 टक्के दर धरला तर महिना 20,000 पेन्शन. ते महागाईबरोबर वाढत नाहीत, हे मात्र एनपीएसवाले गाळतात.

नोकरी 25 वर्षांची, घर पेन्शनवरच चालणार: यूपीएस. उशिरा लागलेल्यांना, मुलांसाठी रक्कम मागे ठेवायची असेल तर एनपीएस.