ओपन सोर्सचा कोड शोधायला काय वापरायचं: गिटहब, डेबियन कोड सर्च, एलिक्सिर की सरळ क्लोन?

ओपन सोर्समध्ये नवीन आलेल्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो, कोड शोधायला आणि वाचायला काय वापरू, आणि उत्तरं पण ठरलेली, गिटहबवर सर्च मार नाहीतर रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) क्लोन करून, म्हणजे अख्खा आपल्या मशीनवर उतरवून, व्हीएस कोडमध्ये उघड. दोन्ही चुकीची नाहीत पण दोन्ही अर्धवट आहेत. कुठलं टूल फास्ट, कुठलं दिसायला छान हे नंतर बघा. आधी हे बघा की ते टूल तुम्हाला नक्की कुठला कोड दाखवतंय, कुठल्या ब्रँचचा, कुठल्या व्हर्जनचा, आणि रेपोमधला की लोकांच्या मशीनवर खरंच पोचलेला. मला तरी टूल निवडताना हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तुलनेच्या बहुतेक लेखांत नेमका तोच नसतो.

हे किती गंभीर आहे ते एक्सझेड या फाईल कॉम्प्रेस करायच्या टूलच्या प्रकरणात दिसलं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरनी जाहीर केलं की एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोर (चोरवाट) आहे, आणि त्यांना संशय आला तो एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतोय म्हणून. आता यातली गोम अशी की बिल्डच्या वेळी ते सगळं चालू करणारी एम४ फाईल (बिल्डच्या स्क्रिप्टचा भाग) गिट रेपोमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडला ठेवलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात, होती. म्हणजे कोणी कितीही मन लावून रेपो ब्राउझ केला असता तरी ती ओळ दिसली नसती. डेबियनसारख्या लिनक्स डिस्ट्रोने (जे तयार पॅकेज बनवून लोकांना देतात) बिल्ड केलं ते टारबॉलवरून. आणि बातमी फुटल्यावर गिटहबने तो रेपोच काही काळ बंद ठेवला, त्यामुळे ज्यांना कोड बघायची सगळ्यात जास्त गरज होती त्यांना दुसरीकडे कॉपी शोधत फिरावं लागलं.

आता तुलना. एकच प्रश्न घेऊन सगळीकडे फिरू म्हणजे फरक कळेल, आणि प्रश्न आपल्या कामाचा घेऊ. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, यातला रफार आणि तो आडवा र स्क्रीनवर वेगळा काढायचं काम कोण करतं? अर्धं काम फॉन्ट करतो आणि अर्धं हार्फबझ नावाची लायब्ररी, जी क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळीकडे आहे. तिच्यात इंडिक शेपर नावाची फाईल आहे, देवनागरीसकट आपल्याकडच्या बऱ्याच लिप्यांची अक्षरं कशी हलवायची ते तिथे ठरतं. फॉन्टमधल्या रफाराच्या फीचरचा टॅग चार अक्षरी, आर पी एच एफ. हा टॅग कुठे कुठे वापरलाय ते शोधायचंय.

गिटहबपासून सुरू करू. २०२३ साली त्यांनी कोड सर्च पूर्ण नवीन केलं, रस्टमध्ये लिहिलेलं स्वतःचं इंजिन, तेव्हाच्या त्यांच्या माहितीप्रमाणे साडेचार कोटी रेपो आणि ११५ टेराबाइट कोड. आधीचं सर्च विरामचिन्हं खाऊन टाकायचं, त्यामुळे कंस नाहीतर डॉट असलेलं काही नीट सापडायचंच नाही, आता दोन स्लॅशच्या मधे रेगेक्स (शब्दाऐवजी मजकुराचा नमुना) टाकता येतं, पाथ, भाषा, सिम्बॉल सगळ्यावर गाळता येतं. आमचा टॅग टाकला की हार्फबझ लगेच येतं. पण एक गंमत आहे, त्या फाईलमध्ये जिथे फीचरची यादी आहे तिथे टॅग चार सुट्या अक्षरांत लिहिलाय, प्रत्येक अक्षर वेगळ्या अवतरणात आणि मधे स्वल्पविराम, म्हणजे नुसती चार अक्षरं सलग टाकली तर नेमकी यादीतली ती ओळ हाती लागत नाही आणि रेगेक्सच लिहावं लागतं. रेगेक्स नसलेलं सर्च घेऊ नका असं मी जे सगळ्यांना सांगते ते यासाठीच.

गिटहबच्या मर्यादा त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिल्यात, लोक वाचत नाहीत एवढंच. फक्त डिफॉल्ट ब्रँच इंडेक्स होते. ३५० केबीपेक्षा मोठ्या फाईल वगळतात. बाहेरून आणून ठेवलेला आणि जनरेट केलेला कोड वगळतात. रिझल्ट पहिले शंभरच. लॉगिन लागतं. यातला बाहेरून आणलेल्या कोडचा मुद्दा आमच्या प्रश्नात थेट आडवा येतो, कारण हार्फबझची कॉपी अख्खीच्या अख्खी बऱ्याच प्रोजेक्टांनी आपापल्या थर्ड पार्टी फोल्डरमध्ये ठेवलेली असते, क्यूट, ओपनजेडीके, गोडो, फायरफॉक्स. उद्या हार्फबझमध्ये सिक्युरिटीचा बग निघाला आणि जुनी कॉपी कोणाकोणाकडे पडून आहे ते शोधायचं असेल तर गिटहबवर काही आलं नाही म्हणजे कुठेच नाही असं धरून चालू नका. हा कोड कसा वापरतात त्याची उदाहरणं बघायला गिटहबसारखं दुसरं नाही, पण कुठेच शिल्लक नाही ना याची खात्री करायला ते बनवलेलंच नाही.

त्या खात्रीसाठी डेबियन कोड सर्च. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार कारण आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. २००६ साली गूगलने कोड सर्च नावाची सेवा काढली होती, रेगेक्सने जगभरचा ओपन सोर्स शोधता यायचा, आणि २०१२ च्या सुरुवातीला बंद केली. त्याच जानेवारीत रस कॉक्स यांनी ती आतून कशी चालायची ते लिहून टाकलं आणि सोबत छोटा प्रोग्रॅमही दिला. कल्पना सुंदर आहे: प्रत्येक फाईलचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून इंडेक्स करायचा, तुमच्या रेगेक्समधून कुठले तुकडे असलेच पाहिजेत ते काढायचं, तेवढ्याच फाईल उचलायच्या आणि खरं रेगेक्स फक्त त्यांच्यावर चालवायचं. मायकेल श्टापेलबर्ग यांनी २०१२ मध्येच हे घेऊन डेबियनच्या सोर्सवर चालवलं, आणि ते आजही चालू आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत.

यात काय शोधलं जातं, तर डेबियनच्या अनस्टेबलमधल्या, म्हणजे सतत बदलत्या ताज्या शाखेतल्या, पॅकेजेसचा उघडलेला सोर्स. म्हणजे जे खरंच बिल्ड होऊन लोकांकडे जातं ते, टारबॉलमधून आलेलं धरून. आमचा टॅग इथे टाकला की हार्फबझच्या पॅकेजसोबत फायरफॉक्ससारख्या दुसऱ्या पॅकेजच्या सोर्समधल्या कॉप्या पण बाहेर येतात, आणि रिझल्ट पॅकेजप्रमाणे एकत्र करून बघता येतात. एखादं जुनं फंक्शन काढून टाकायचंय आणि ते अजून कोण वापरतंय हे बघायचंय, तर हे घ्या, दुसरं काही बघू नका. कमी कुठे पडतं? डेबियनमध्ये जे नाही ते इथे नाही, म्हणजे काल कोणीतरी टाकलेली नवीन जावास्क्रिप्ट लायब्ररी मिळायची नाही. आणि शब्दावर क्लिक करून व्याख्येवर उडी मारणं वगैरे लाड नाहीत, ओळ दाखवतं, पुढचं तुमचं तुम्ही. रेगेक्समध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात हे लक्षात ठेवा, गिटहबवर मुळात धरत नाहीत, त्यामुळे तोच शब्द दोन्हीकडे टाकून आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

सोर्सग्राफ आणि ग्रेप डॉट ॲप यांच्यावर पटकन. ग्रेप डॉट ॲप उघडा, टाइप करा, रिझल्ट, बस, उदाहरण हवं असेल तर मस्त. सोर्सग्राफ बरंच ताकदवान आहे, नुसता कोड नाही तर कमिट (नोंदवलेला बदल) आणि डिफमध्ये (बदलाच्या आधी-नंतरचा फरक) पण शोधता येतं, म्हणजे ही ओळ कधी काढली गेली हे वेबवरच कळतं. फक्त आपल्या टीमच्या सर्व्हरवर बसवायचा विचार असेल तर हे माहीत असू द्या की २०१८ मध्ये ओपन सोर्स केलेलं त्यांनी २०२३ मध्ये परत व्यावसायिक लायसन्सखाली नेलं आणि २०२४ मध्ये मुख्य रेपो खाजगी केला. टीमसाठी बसवायचं तर मी ओपनग्रॉक किंवा झोएक्ट सांगेन. ओपनग्रॉक सन मायक्रोसिस्टिम्सच्या काळातलं, जावाचं, दिसायला जुनाट पण भक्कम. झोएक्ट गोमध्ये लिहिलेलं, तेच तीन अक्षरांच्या तुकड्यांचं तंत्र, आणि अजून ओपन सोर्सच आहे.

आता कर्नलवाले. लिनक्स कर्नल वाचायचा असेल तर बहुतेक जण बूटलिनच्या एलिक्सिरवर जातात आणि बरोबरच करतात. डावीकडे व्हर्जनची यादी, अगदी ०.०१ पासून आत्ताच्यापर्यंत, कुठल्याही नावावर क्लिक केलं की व्याख्या कुठे, वापर कुठे, डॉक्युमेंटेशन कुठे. ऑफिसच्या बोर्डवर ५.४ चा कर्नल आहे आणि तुम्ही गिटहबवर आजची मास्टर ब्रँच वाचताय, यात लोकांचे दिवस जातात, कारण मधल्या काळात फंक्शनची नावंच बदललेली असतात. एलिक्सिरमध्ये व्हर्जन डोळ्यासमोर असतं. केकॉन्फिगची (कर्नलच्या सेटिंगची) चिन्हं आणि डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या) कंपॅटिबल स्ट्रिंग पण शोधता येतात, एम्बेडेडवाल्यांना हे सोन्यासारखं.

पण एलिक्सिर नावं शोधतं, मजकूर नाही. लॉगमध्ये आलेला एरर मेसेज टाकून तो कुठून छापला जातो ते विचारलं तर इथे उपयोग नाही, त्याला ग्रेपच (फाईलींतला मजकूर शोधणारी कमांड) हवं. आणि आतून हे सीटॅग्स या नावांची यादी बनवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं, कंपायलरसारखं समजून घेत नाही, त्यामुळे दहा ड्रायव्हरमध्ये एकाच नावाचं स्टॅटिक फंक्शन असेल तर दहाही दाखवतं, तुमचं कुठलं ते तुम्हीच ओळखायचं. मॅक्रोने (कंपाइल करताना कोड बदलून टाकणारा शॉर्टकट) बनवलेली नावं तर बऱ्याच टूलांना फसवतात. ओपन सिस्टिम कॉलचं मुख्य फंक्शन सिस अंडरस्कोर ओपन या नावाने नुसत्या ग्रेपने शोधत बसाल तर त्याचं शरीर मिळणार नाही, कारण ओपन डॉट सी मध्ये ते सिसकॉल डिफाइन ३ या मॅक्रोच्या कंसात नुसतं ओपन असं लिहिलंय. असं नाव सापडलं नाही की टूलला नाव ठेवण्याआधी मॅक्रोचा संशय घ्या.

खरी समज असलेलं ब्राउझिंग बघायचं असेल तर मोझिलाचं सर्चफॉक्स आणि गूगलची क्रोमियम, अँड्रॉइडची कोड सर्च बघा. सर्चफॉक्समध्ये सी प्लस प्लसचा कोड क्लँग या कंपायलरमधून जातो, म्हणून व्हर्च्युअल फंक्शन कुठल्या क्लासने ओव्हरराइड केलंय हेही बरोबर सांगतं, आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला ब्लेमची (ही ओळ कुठल्या कमिटमध्ये आली त्याची) पट्टी, जिथून मागे मागे जाता येतं. आमचा र फायरफॉक्सच्या कुठल्या फंक्शनमधून हार्फबझपर्यंत पोचतो हे वाचायला मला याहून सोपं काही मिळालेलं नाही. पण ही टूलं आपापल्या घरापुरती. फायरफॉक्स, क्रोमियम किंवा अँड्रॉइडवर काम करत असाल तर दुसरं काही शोधूच नका, नसाल तर यांचा तुम्हाला उपयोग नाही.

आणि क्लोन. एकाच प्रोजेक्टमध्ये महिनोन्‌महिने काम करायचं असेल तर क्लोन कराच, नेट गेलं तरी काम चालू राहतं, खेड्यात गावी जाऊन काम करणाऱ्याला हे सांगायला नको. शोधायला रिपग्रेप किंवा गिट ग्रेप. फरक असा की रिपग्रेप समोरच्या फाईल शोधतं, गिट ग्रेपला कुठल्याही जुन्या व्हर्जनचा गिट टॅग देऊन त्या व्हर्जनमध्ये चेकआउट न करता शोधता येतं, म्हणून व्हर्जनच्या कामाला मी गिट ग्रेपच वापरते. रिपग्रेप गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाईल मुळातच सोडून देतं हेही माहीत असू द्या, बिल्डमधून तयार झालेली हेडर फाईल सापडत नाही तेव्हा बहुतेक हेच कारण असतं. उड्या मारायला क्लँगडी किंवा जुनं सीस्कोप, पण फंक्शन पॉइंटरमधून जाणारा कॉल कुठे पोचतो ते यातलं कोणी ठामपणे सांगू शकत नाही, कर्नलमध्ये तर निम्मं जग पॉइंटरवर चालतं.

क्लोन करताना जागा वाचवायला डेप्थ १ द्यायची सवय आहे लोकांना, आणि कर्नल तीन कोटी ओळींच्या वर आहे त्यामुळे मोह होतोच, पण त्याने इतिहास येत नाही आणि क्लोनचा अर्धा फायदा जातो. त्यापेक्षा ब्लॉब नको असा फिल्टर लावून क्लोन करा, कमिट सगळे येतात, जुन्या फाईलींचा मजकूर लागेल तसा खाली येतो. मग गिट लॉगला कॅपिटल एस देऊन एखादी स्ट्रिंग कुठल्या कमिटमध्ये आली किंवा गेली ते काढता येतं, कॅपिटल एल देऊन एकाच फंक्शनचा पूर्ण इतिहास. मात्र फिल्टरवाल्या क्लोनवर कॅपिटल एस चालवलं की ते प्रत्येक जुनी फाईल मागवत बसतं, त्यामुळे आधी फोल्डर मर्यादित करा. कर्नलच्या बाबतीत हा इतिहास एप्रिल २००५ ला २.६.१२ च्या आरसी २ पाशी थांबतो, कारण गिट तेव्हाच सुरू झालं. त्याच्या आधीचं बघायला परत एलिक्सिरच्या जुन्या व्हर्जन.

ज्याला दोनच गोष्टी शिकायला वेळ आहे त्याला मी सांगेन गिट ग्रेप आणि डेबियन कोड सर्च. कर्नल किंवा एम्बेडेडमध्ये असाल तर डेबियनच्या जागी एलिक्सिर. वेब डेव्हलपमेंटवाल्याला गिटहब पुरतं, खरंच पुरतं, उगाच बाकीच्या भानगडीत पडू नका.

शेवटचा मुद्दा लिंकचा, कारण सापडलेला कोड कोणाला तरी दाखवायचा असतो. गिटहबवर फाईल उघडली असताना वाय दाबलं की ॲड्रेसमध्ये ब्रँचऐवजी कमिट येतो, बग रिपोर्टमध्ये तीच लिंक द्या, नाहीतर आठवड्याने त्या ओळीवर दुसरंच काहीतरी असतं. प्रोजेक्ट जुना असेल, किंवा पेपर नाहीतर थिसिससाठी संदर्भ द्यायचा असेल, तर सॉफ्टवेअर हेरिटेजची लिंक द्या. २०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने हे सुरू केलं, गूगल कोड आणि गिटोरियस बंद पडल्यावर तिथला कोड यांनी जपून ठेवलाय. सगळ्या फाईलींच्या मजकुरात शोधायला ते नाही, रेपोचा पत्ता टाकून शोधायचं असतं. पण त्यांचा आयडी फाईलच्या मजकुरावरूनच काढलेला असतो, म्हणजे रेपो हलला, बंद झाला, मालक बदलला तरी तो आयडी नेमक्या त्याच बाइट्सकडे नेतो. आपला रेपो तिथे नसेल तर सेव्ह कोड नाऊ मध्ये पत्ता टाकायचा, खातं वगैरे काही लागत नाही.